आकडे आणि माणसं: सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात एकत्र काम आणि मिश्र पद्धती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात आरोग्यविषयक संशोधन प्रकल्पांचं समन्वयाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. डॉक्टर, सांख्यिकीवाले, समाजशास्त्राची मंडळी आणि वस्तीत दारोदार फिरणाऱ्या ताया यांना एका टेबलाशी बसवायचं, हे माझं रोजचं काम. एमपीएचचे (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे) विद्यार्थी, निवासी डॉक्टर, समाजकार्य शिकणारी मुलं आणि अलीकडे आशाताईसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते.

मिश्र पद्धती म्हणजे नेमकं काय? सर्वेक्षणाच्या शेवटी दोन मोकळे प्रश्न घातले की झालं का?

नाही, तेवढ्याने होत नाही. एकाच प्रश्नासाठी सर्वेक्षणाचे आकडे आणि सविस्तर मुलाखती एकमेकांना जोडून वापरायच्या, ही मिश्र पद्धती. ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ या प्रश्नाला दहातले आठ जण ‘नाही’ म्हणतात आणि फॉर्म बंद होतो.

उदाहरण गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांचं घेऊ. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर बाईने १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. गोळ्या वाटल्याची नोंद रजिस्टरमध्ये नीट असते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष गोळ्यांवर नाही. पण गोळीचं घरात गेल्यावर काय होतं, हे रजिस्टर सांगत नाही.

हवेली तालुक्यातल्या एका गरोदर मुलीच्या घरात मी बसले होते. सर्वेक्षणात त्या मुलीने ‘गोळ्या घेता का?’ला ‘हो’ सांगितलं होतं. दुसऱ्या भेटीत चहा झाल्यावर तिने फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, एकीचीही चांदी फोडलेली नव्हती. आशाताई उन्हातान्हाची येते, तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती दर महिन्याला गोळ्या घेत होती. खात नव्हती. सासूबाईंचं म्हणणं होतं, गोळी गरम पडते, बाळ पोटात मोठं होतं आणि मग सिझर करावं लागतं. त्यात मळमळ व्हायची, शी काळी व्हायची.

तिचं ‘हो’ खोटं नव्हतं. ‘घेता का’ असं आम्हीच विचारलं होतं, आणि ती घेतच होती. पुढच्या फेरीत प्रश्न बदलला: ‘काल गोळी खाल्ली का?’ आणि जोडीला, ‘पट्टी दाखवाल का?’ मिश्र पद्धतीचा गाभा हाच आहे. आकडा किती, कोणामध्ये, कुठे हे सांगतो. मुलाखत कसं, का आणि कोणत्या अर्थाने हे सांगते. या दोन्हींनी एकमेकांना बदलायला लावलं पाहिजे. एकाच अहवालात दोन वेगळी प्रकरणं छापली आणि त्यांची भेटच झाली नाही, तर त्याला मी मिश्र पद्धती म्हणत नाही.

बहुविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय यांत काही फरक आहे, की नुसते शब्द?

फरक आहे. पाच विषयांचे पाच लोक आपापला तुकडा करतात आणि शेवटी कोणीतरी ते तुकडे टाचतो, ते बहुविद्याशाखीय. पाचही जण मिळून प्रश्नच वेगळा मांडतात, ते आंतरविद्याशाखीय. सोपी परीक्षा सांगते: तुमच्या टीममधल्या समाजशास्त्रज्ञामुळे सांख्यिकीतज्ज्ञाच्या तक्त्यात एखादं तरी चल (मोजायची बाब) वाढलं का? आणि मुलाखतीला कोणाकडे जायचं, हे ठरवताना तक्त्याचा उपयोग झाला का?

आरोग्याचं संशोधन डॉक्टरांनी करावं. त्यात इतरांची गरज काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधी आपल्याच गावाचा इतिहास आठवायला सांगते.

१८९७ चा प्लेग. रोगी शोधून वेगळे काढायचे, घरं धुऊन जंतुनाशक मारायचं, संशयितांना छावणीत न्यायचं, ही त्या काळच्या वैद्यकाला धरून चाललेली पावलं होती. पण गोरे सोल्जर माजघरात आणि देवघरात शिरले, सामान रस्त्यावर आलं, आणि लोक आपली आजारी माणसं लपवू लागले. २२ जून १८९७ ला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे शाळेत सगळेच शिकतात. त्याच साथीत हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत दवाखाना चालवत होते. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शहर एक, रोग एक. माणसाच्या उंबऱ्यापाशी आपण कसे उभे राहतो, यावर साथ आटोक्यात आणण्याचं किती अवलंबून असतं, ते इथे दिसतं. हे ज्ञान सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही.

अलीकडचं पाहा. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं गेलं. आयसर ही विज्ञान संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांची मंडळी त्यात होती. ५१.५ टक्के लोकांमध्ये करोनाची प्रतिपिंडं सापडली. मला त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. घरात स्वतंत्र शौचालय असलेल्यांमध्ये हे प्रमाण ४५.३ टक्के होतं, सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये ६२.३ टक्के. प्रयोगशाळेने आपल्याला शौचालयाच्या दारापर्यंत आणून सोडलं. सकाळी सहाला तिथली रांग कशी लागते, बादली कोण भरून आणतं, लॉकडाउनमध्ये कामावर जावंच लागलेली बाई त्या रांगेत केव्हा उभी राहते, हे पुढचं विचारायला वेगळं शिक्षण लागतं.

आणि जानेवारी २०२५ मधला सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातला गुलेन बारी सिंड्रोमचा उद्रेक तर ताजाच आहे. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांच्या हातापायांतली ताकद जाऊ लागली. ते ओळखलं मेंदूविकारतज्ज्ञांनी. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला तो प्रयोगशाळेत. विहीर, टँकर, खासगी आरओचे जार यांचा माग काढणं हे पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांचं काम. आणि कोणत्या घरात कोण कोणतं पाणी पितं, हे घरात जाऊन विचारणाऱ्यांचं. यातला एक जरी गळला तरी साखळी तुटते.

टीममध्ये कोण कोण असावं?

प्रश्नावर अवलंबून आहे. साथरोगशास्त्र, सांख्यिकी, गुणात्मक (मुलाखती-निरीक्षणांचं) संशोधन आणि त्या आजाराचं वैद्यकीय ज्ञान, ही चार कामं येणारी माणसं बहुतेक वेळा लागतातच. पोषणाचा विषय असेल तर आहारतज्ज्ञ, पाण्याचा असेल तर अभियंता.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेला, केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मातृपोषणाचा अभ्यास जगभर वाचला जातो. त्यात आघारकर संशोधन संस्थेची मंडळी होती, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे संशोधक होते. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं किती वेळा खाल्ली, याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकारमानाशी संबंध दिसला. असा निष्कर्ष हाती यायला स्वयंपाकघरात काय शिजतं आणि बाईच्या ताटात त्यातलं किती पडतं, हे बारकाईने नोंदवणारी माणसं लागतात.

म्हणूनच माझा एक आग्रह असतो: फील्डवरच्या ताईला प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीला बोलवा. प्रश्नावली छापून झाल्यावर प्रशिक्षणापुरतं नको. कोणत्या गल्लीत दुपारी कोणी घरी नसतं, कोणता शब्द उच्चारला की दार बंद होतं, हे तिला माहीत असतं. आणि तिला बोलायला सांगून गप्प बसायचं. पहिल्या बैठकीत ती बोलत नाही, कारण समोर ‘सर’ आणि ‘मॅडम’ बसलेले असतात. तिसऱ्या बैठकीपासून बोलते. तोवर धीर धरा.

आधी आकडे, की आधी मुलाखती?

तीन वाटा प्रचलित आहेत. आकडे हातात आहेत पण त्यांचा अर्थ लागत नाही, तेव्हा आधी सर्वेक्षण आणि मग मुलाखती. विषय नवा आहे, लोक त्याला काय म्हणतात हेच ठाऊक नाही, तेव्हा आधी मुलाखती आणि त्यांवरून प्रश्नावली. वेळ कमी आहे, साथ चालू आहे, तेव्हा दोन्ही एकदम आणि नंतर जुळणी.

नवख्यांनी शक्यतो दुसरी वाट धरावी, असं माझं मत. तिला वेळ लागतो, पण चुकीच्या प्रश्नाची हजार उत्तरं गोळा करण्यापासून ती वाचवते. पहिली वाट घेतलीत तर मुलाखतीसाठी माणसं सोयीने निवडू नका. तक्त्यात जी घरं अपेक्षेच्या उलट वागलेली दिसतात तिथे जा. सगळ्या सोयी असून लस न घेतलेलं घर, आणि काहीच नसताना सगळे डोस पूर्ण केलेलं घर. खरं शिकणं तिथेच होतं.

नमुना किती घ्यायचा? ‘३८४’ चालेल का?

३८४ हा आकडा प्रबंधांमध्ये इतका दिसतो की तो मंत्र झाला आहे. तो येतो कुठून ते पाहा. प्रमाण ५० टक्के धरलं, चूक ५ टक्के बिंदूंपर्यंत चालवून घेतली आणि विश्वासपातळी ९५ टक्के ठेवली, तर मोठ्या लोकसंख्येसाठी साध्या यादृच्छिक नमुन्याचं उत्तर ३८४ येतं. तुम्ही वस्त्या निवडून मग घरं निवडणार असाल तर तो पुरत नाही, कारण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. या सारखेपणामुळे नमुना जितक्या पटीने वाढवावा लागतो तो आकडा, म्हणजे आराखड्याचा परिणाम, २ धरला तर ७६८. शंभरातली दहा घरं बोलणार नाहीत असं धरलं तर साधारण ८५४. हा हिशेब सांख्यिकीतज्ज्ञाकडे बसून करा, आणि प्रकल्प लिहितानाच करा. डेटा गोळा झाल्यावर त्याच्याकडे जाणं म्हणजे घर बांधून झाल्यावर पायाबद्दल विचारणं.

मग पंधरा मुलाखतींवरून काय सिद्ध होणार?

किती टक्के लोक असा विचार करतात, हे त्यांतून सिद्ध होणार नाही आणि कोणी तसा दावाही करू नये. असा विचार कोणकोणत्या तऱ्हेने केला जातो आणि त्यामागे काय आहे, हे कळतं. नवीन मुलाखतीतून नवं काही येईनासं झालं की थांबायचं. पण मुलाखती रोज संध्याकाळी वाचल्या तरच ते कळतं. सगळ्या रेकॉर्डिंग साठवून महिन्याने ऐकणारे संशोधक कुठे थांबायचं ते ओळखूच शकत नाहीत.

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना काय सांभाळायचं?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या अनुभवात प्रकल्प बिघडतात ते बहुधा इथेच.

एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही ताडून पाहायची, ही रीत चांगली आहे, पण अपुरी. ‘नैराश्य’ हा शब्द उलट भाषांतरात अगदी बरोबर परत येतो. जनता वसाहतीतल्या मावशी मात्र तो वापरत नाहीत. त्या म्हणतात, ‘टेन्शन येतं’, ‘जिवाला घोर लागलाय’, ‘काही करूशी वाटत नाही’, ‘डोक्यात नुसते विचार चालू राहतात’. प्रत्येकाचा अर्थ थोडा निराळा. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही ठरीव प्रश्नावली वापरणार असाल तर तिचे शब्द मनाने बदलता येत नाहीत, नाहीतर गुणांना अर्थ राहत नाही. पण तिच्या आधी मुलाखती घेतल्यात तर लोक कोणत्या शब्दांत बोलतात ते तरी हाताशी असतं. उत्तरांचे पर्यायही तपासा. ‘बऱ्याचदा’ आणि ‘वरचेवर’ यांत जास्त काय, असं दहा जणांना विचारून बघा.

सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे पाच-सहा जणांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि विचारायचं, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ ‘प्यायचं पाणी कुठून येतं?’ या साध्या प्रश्नाचं पाहा. उत्तर येतं, ‘नळाचं.’ नळ महापालिकेचा असतो, ग्रामपंचायतीचा असतो, सोसायटीच्या बोअरचा असतो, आणि टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत पडून शेवटी त्याच नळातून येतं. चारही घरं फॉर्मवर ‘नळ’ अशीच नोंदली जातात. जिथे पाण्यातूनच आजार आला आहे तिथे अशी नोंद असून नसल्यासारखी.

टीममध्ये भांडणं झाली तर?

होतात, आणि व्हायला हवीत. फक्त ती सुरुवातीला होऊ द्या.

बरीच भांडणं शब्दांची असतात. ‘प्रातिनिधिक’ म्हटलं की सांख्यिकीवाल्याच्या डोक्यात यादृच्छिक निवड येते, समाजशास्त्रवाल्याच्या डोक्यात विविधता. ‘केस’ म्हणजे डॉक्टरला रुग्ण, दुसऱ्याला अभ्यासलेलं अख्खं गाव. आम्ही प्रत्येक प्रकल्पाला एक वही ठेवतो. शब्द अडला की त्यात लिहायचा, प्रत्येकाने आपला अर्थ सांगायचा, आणि या प्रकल्पापुरता कोणता धरायचा ते ठरवायचं. लेखकांची नावं कोणत्या क्रमाने येतील हेही पहिल्या महिन्यात लिहून काढा. शेवटी तो विषय निघाला की मैत्री तुटते.

एका प्रकल्पात हे सगळं राहून गेलं. समन्वयक मीच होते. सर्वेक्षणाचं विश्लेषण आधीच ठरून गेलं, मुलाखतींना शेवटचे दोन महिने मिळाले, आणि चाळीस बायकांच्या बोलण्यातून अहवालात चौकटीत टाकायला सहा वाक्यं उचलली गेली. ज्या मुलीने त्या मुलाखती घेतल्या होत्या, तिने अहवाल चाळला आणि काही न बोलता परत टेबलावर ठेवला. मला आजही त्याची खंत आहे. तेव्हापासून बजेटमध्ये मुलाखतींचा शब्दन् शब्द उतरवून काढायचा वेळ आणि पैसा वेगळा दाखवल्याशिवाय मी प्रस्ताव पुढे जाऊ देत नाही. तासाभराच्या मराठी रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज लागतात.

आकडे एक सांगतात आणि मुलाखती दुसरंच. कोणाचं खरं मानायचं?

घाईने निकाल देऊ नका आणि सुवर्णमध्यही काढू नका. एका कागदावर तीन रकाने आखा: आकडा काय म्हणतो, माणसं काय म्हणतात, दोन्ही एकत्र ठेवल्यावर काय दिसतं. दवाखान्याबद्दल समाधानी आहात का, याला दारात उभं राहून विचारलं तर ‘हो, बरंय की’ असं उत्तर मिळतं. दोन तास बसलं की बाळंतपणाच्या खोलीत कोण कसं ओरडलं ते बाहेर येतं. इथे दोन्ही खरं आहे. समाधानाचा प्रश्न दाराशी विचारून काय मोजलं जातं, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

आचारसमितीची परवानगी, संमती, गुप्तता: मिश्र पद्धतीत काय वेगळं?

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही भागांना लागू आहेत. मुलाखतींचा भाग ‘नुसत्या गप्पा’ म्हणून परवानगीतून सुटत नाही. रेकॉर्डिंगची संमती वेगळी घ्या. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा घेताना टीमबाहेरचा साक्षीदार हवा.

गटचर्चेत तुम्ही गुप्ततेची हमी एकट्याने देऊ शकत नाही, कारण बाकीचे सात जण त्याच गल्लीत राहतात. हे संमती घेतानाच स्पष्ट सांगा, आणि खाजगी विषय गटात काढू नका. नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असंही नाही. ‘या पेठेतल्या रिक्षा चालवणाऱ्या बाई’ एवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

दहा बाय दहाच्या खोलीत सुनेशी एकांतात बोलणं अवघड. आम्ही जोडीने जातो. एक ताई सासूबाईंपाशी ओट्यावर बसून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते, दुसरी आत बोलते. सासूबाईंचं ऐकणंही खरंखुरं असावं, त्यांनाही सांगायचं असतं. आणि कोणी मारहाणीबद्दल किंवा जीव द्यावासा वाटतो असं बोललं, तर पुढे कोणाला फोन करायचा, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेलं हवं.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

येतं ते. सर्वेक्षणाला कोबोटूलबॉक्स नेट नसतानाही चालतं, विश्लेषणाला आर फुकट आहे, मुलाखतींच्या कोडिंगला, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा करायला, टॅगेट फुकट आहे. मराठी ट्रान्सक्रिप्ट मराठीतच कोड करा, इंग्रजी फक्त छापायच्या उताऱ्यांपुरतं.

पुण्यात फील्डवर्क केव्हा करावं?

पालख्या मुक्कामी असतात ते दिवस, गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी सोडा. महापालिका देखभालीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारी. त्याच्या आदल्या संध्याकाळी कोणी तुमच्याशी बोलणार नाही, सगळे भांडी भरत असतात. दौंड, इंदापूर, बारामतीकडे ऊसतोडीचा हंगाम असला की ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) वेगळी टीम ठेवावी लागते, कारण ती माणसं त्या गावच्या यादीत नसतात. मोठ्या सोसायट्यांचं दार वस्तीपेक्षा कठीण. तिथे आधी चेअरमनना पत्र आणि मग रविवारी सकाळी.

एकटा विद्यार्थी प्रबंधासाठी हे करू शकतो का?

करू शकतो, आटोपशीर ठेवलं तर. एक प्रश्न, एक वस्ती, छोटं सर्वेक्षण आणि त्यातून निवडलेल्या दहा-बारा मुलाखती. टीम नसली तरी दुसऱ्या विषयाचा एक मार्गदर्शक मागून घ्या, आणि दर पंधरवड्याला त्याला दोन मुलाखती वाचायला द्या.

निष्कर्ष वस्तीत परत न्यायलाच हवेत का?

हो. अहवाल छापण्याआधी न्या, म्हणजे चुका सुधारता येतात. समाजमंदिरात, संध्याकाळी, चाळीस मिनिटं, मोठ्या अक्षरांतले दोन-तीन तक्ते.

अशाच एका बैठकीत आम्ही सांगत होतो की पाण्याचे नमुने तपासले आणि ते ठीक निघाले, तरी जुलाबाच्या तक्रारी जास्त आहेत, म्हणजे साठवणुकीत काहीतरी होत असावं. मागे बसलेल्या एक काकू उठल्या. ‘मॅडम, तुम्ही बाटल्या भरल्या कधी?’ बुधवारी, मी म्हटलं. ‘बुधवारचं पाणी चांगलंच असतं. गुरुवारी बंद असतं ना, मग शुक्रवारी पहाटे पहिलं येतं ते बघा. चहासारखं येतं. आम्ही पहिल्या दोन बादल्या संडासला ठेवतो, पण ज्यांच्याकडे भांडी कमी ते तेच भरतात.’

सांख्यिकीतज्ज्ञ माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी तिथेच वही काढली आणि काकूंना विचारलं, भांडी कमी असलेली घरं साधारण कोणत्या ओळीत? त्या शुक्रवारी पहाटे साडेचारला आम्ही बाटल्या घेऊन पुन्हा त्याच नळावर उभे होतो.